परदेशी मिशनसेवा आणि मुलांचे भले



शाळा-कॉलेजांच्या परीक्षा संपत आल्या की धर्मग्रामातील तरुण मुले-मुली एक ठरावीक प्रश्न घेऊन आमच्या कार्यालयात येतात. कुणाच्या हाती एखाद्या संस्थेचे रंगीत माहितीपत्रक असते, कुणाला कॉलेजच्या मैत्रिणीने सांगितलेले असते. दोन आठवडे नेपाळला, कंबोडियाला किंवा केनियाला जायचे. तेथील अनाथालयात राहायचे, मुलांना थोडे इंग्रजी शिकवायचे, गाणी आणि खेळ घ्यायचे, येशूच्या गोष्टी सांगायच्या, एखादी भिंत रंगवायची आणि परत यायचे. 'फादर, आम्ही जाऊ का?' हा त्यांचा प्रश्न. त्यांच्यामागून आई-वडील येतात. त्यांचा प्रश्न, 'फादर, हे सुरक्षित आहे ना?'

दोन्ही प्रश्न रास्त आहेत. मात्र तिसरा एक प्रश्न आहे, तो सहसा कोणी विचारीत नाही. आपण ज्या मुलांची सेवा करायला जाणार, त्यांचे काय? आपण गेल्यामुळे त्यांच्या पदरात काय पडते आणि आपण परत आल्यावर त्यांच्यापाशी काय उरते? या रविवारच्या पाठात आपण या तिसऱ्या प्रश्नाचा विचार करू या. घरातील तरुणांनी आणि पालकांनी तो एकत्र बसून वाचावा, अशी विनंती.

एके काळी आपणच 'परदेश' होतो

'परदेशी मिशन' म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे आफ्रिकेतील किंवा हिमालयातील एखादे गाव येते. पण आपली उपनगरे हेच कुणाचे तरी परदेशी मिशन होते, आणि त्याला फार काळ लोटलेला नाही. अंधेरी पश्चिमेला वीरा देसाई रस्त्यावरचे सेंट कॅथरिन्स होम आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक आहे. मरियेच्या हृदयाच्या कन्या या संघाच्या धर्मभगिनी ते चालवीत आल्या. सिस्टर अ‍ॅना हुबेर्टा रोगेनडॉर्फ ही जर्मन धर्मभगिनी तेथील मुलांची आई होऊन राहिली. जर्मनीत लोक तिला 'अंधेरीची आई' म्हणून ओळखू लागले.

१९६० च्या सुमारास जर्मनीतील बॉन शहरात रोझी गोलमन नावाच्या शिक्षिका विद्यार्थ्यांना धर्म हा विषय शिकवीत असत. अंधेरीच्या या मुलांविषयी त्यांना कळले, आणि त्यांनी व त्यांच्या विद्यार्थ्यांनी मदत पाठवायला सुरुवात केली. पुढे त्या स्वतः येथे आल्या. १९६७ साली बॉनमध्ये त्यांनी एक संस्था स्थापन केली आणि तिला आपल्या उपनगराचेच नाव दिले, 'अंधेरी-हिल्फे', म्हणजे अंधेरी-साहाय्य. जर्मनीतील हजारो घरांत अंधेरी हा शब्द पोहोचला तो असा.

आपल्या विषयासाठी महत्त्वाचे आहे ते यापुढचे. अनाथालयाला मदत करता करता या मंडळींना जाणवले की रोगाऐवजी आपण केवळ त्याच्या लक्षणांवर इलाज करीत आहोत. मूल अनाथालयाच्या दारापर्यंत येते, कारण त्याच्या मागे दारिद्र्य असते. बापाला काम नसते, आई आजारी असते, शेतात पीक नसते. तेव्हा त्यांनी खेड्यापाड्यांतील माणसे स्वतःच्या पायांवर उभी राहावीत यासाठी साहाय्य सुरू केले. बांगलादेशात त्यांच्या मदतीने दहा लाखांहून अधिक नेत्रशस्त्रक्रिया झाल्या. आईला किंवा बापाला पुन्हा दिसू लागले की आपले मूल ती स्वतः सांभाळू शकतात. मुलांवरच्या प्रेमापासून सुरू झालेली वाट अशी मुलांच्या आईबापांपर्यंत गेली.

मदत करणाऱ्यांनी अंधेरीत घेतलेला हा धडा आहे. आज आपली मुले मदत करणाऱ्यांच्या बाजूला उभी राहू पाहत आहेत. ज्या उपनगरात हा धडा गिरवला गेला, तेथील आपण तो विसरून चालणार नाही.

वसईचा सुपुत्र जपानात

परदेशी जाऊन सेवा करण्याची परंपरा आपल्या मातीलाही नवी नाही. संत गोन्सालो गार्सिया यांचा जन्म सोळाव्या शतकात वसईत झाला. ते किशोरवयात येशूसंघीय धर्मगुरूंबरोबर जपानला गेले. तेथे त्यांनी वर्षानुवर्षे धर्मशिक्षकाचे काम केले आणि जपानी भाषा इतकी आत्मसात केली की पुढे त्यांच्यावाचून इतरांचे अडू लागले. नंतर त्यांनी व्यापार केला, मनिला येथे ते फ्रान्सिस्कन संघात ब्रदर झाले आणि १५९३ साली दुभाषी म्हणून पुन्हा जपानला गेले. क्योटो येथे फ्रान्सिस्कन बंधूंनी कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालये चालविली. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे पंचवीस सोबत्यांसह त्यांना क्रुसावर मरण आले. १८६२ साली ख्रिस्तसभेने त्यांना संतपद दिले.

त्या सव्वीस हुतात्म्यांत तीन जपानी मुलगे होते. लुईस बारा वर्षांचा, आंतोनियो तेरा वर्षांचा आणि थॉमस चौदा वर्षांचा. थॉमस आपल्या वडिलांबरोबर मरणाला सामोरा गेला. वाटेत त्याने आईला पत्र लिहिले आणि धाकट्या भावांची काळजी घे, असे तिला विनविले. हा मुलगा मिशनरींच्या सहवासात वाढला, तरी शेवटपर्यंत तो बापाजवळ होता आणि त्याचा जीव आई-भावंडांत होता. मिशनने त्याला त्याच्या माणसांपासून तोडले नव्हते.

गोन्सालोंच्या चरित्रातून आपण दोन गोष्टी लक्षात ठेवू. ते ज्यांच्याकडे गेले त्यांची भाषा शिकले, आणि ते राहिले. दोन आठवड्यांत या दोन्ही गोष्टी जमत नाहीत. म्हणून थोड्या दिवसांच्या सेवेने आपली मर्यादा आधीच ओळखावी.

आणि जे प्रवास करू शकत नाहीत त्यांचे काय? १८४३ साली फ्रान्समधील नान्सीचे महागुरू शार्ल द फोर्बँ-जान्सों यांनी चीनमधील टाकून दिलेल्या मुलांसाठी एक साधी योजना मांडली. फ्रान्समधील प्रत्येक मुलाने रोज एकदा 'नमो मरिया' म्हणावी आणि महिन्याला एक नाणे द्यावे. आज जगभर पसरलेली 'होली चाइल्डहुड' ही संस्था त्यातून उभी राहिली. त्या मुलांनी आपले गाव सोडले नाही. तरीही ख्रिस्तसभेने त्यांना मिशनरीच मानले.

येशूने मुलांचे काय केले?

परदेशी बालसेवेच्या पत्रकांवर हमखास एक चित्र असते. येशू बसला आहे आणि त्याच्याभोवती लेकरे जमली आहेत. संत मार्क (१०:१३-१६) तो प्रसंग सांगतो. मुलांना कुणीतरी येशूकडे आणले होते. शिष्यांनी अडविले तेव्हा येशू रागावला. त्याने मुलांना कवेत घेतले, त्यांच्यावर हात ठेवले आणि आशीर्वाद दिला. एवढेच. ज्यांनी ती मुले आणली, त्यांच्यापासून त्याने ती काढून घेतली नाहीत.

आता संत लूककडे वळू. नाईन गावच्या वेशीवर विधवेच्या एकुलत्या एका मुलाची प्रेतयात्रा चालली आहे. येशू मुलाला जिवंत करतो. त्यानंतर तो काय करतो? 'माझ्या मागे ये' असे त्याला म्हणत नाही. मुलाला आईच्या हाती देतो (लूक ७:१५). दोन अध्यायांनंतर आकडीने पछाडलेला मुलगा येतो. येशू त्याला बरे करतो आणि बापाच्या हाती देतो (लूक ९:४२). याईराच्या मुलीला उठविताना तो गर्दीला बाहेर काढतो, पण तिच्या आई-बापांना आत घेतो आणि शेवटी तिला काहीतरी खायला द्या, असे सांगतो (मार्क ५:४०-४३). चमत्कार प्रभूने केला, पण जेवू घालण्याचे काम त्याने घरच्यांकडेच ठेवले.

बंधुभगिनींनो, प्रभूच्या बालसेवेची ही रीत आपण मनावर कोरून ठेवली पाहिजे. त्याचा स्पर्श झालेले मूल पुन्हा आपल्या माणसांकडे जाते, आणि जाताना अधिक बळकट होऊन जाते.

'पण फादर, अनाथ मुलांना आई-बाप असतात कुठे?' असे कुणी विचारील. संत याकोब (१:२७) अनाथ आणि विधवा यांची नावे एका दमात घेतो, हे आपण पाहिले आहे का? जुन्या करारातही ही जोडी वारंवार येते. तेथे अनाथासाठी 'याथोम' हा हिब्रू शब्द आहे आणि त्याचा अर्थ मुख्यतः बाप नसलेले मूल असा होतो. अशा मुलाची विधवा आई बहुधा हयात असे. दोघांना एकत्र जगवणे ही देवाची अपेक्षा होती. आजची स्थितीही फार वेगळी नाही. 'सेव्ह द चिल्ड्रन' या संस्थेने २००९ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगभरच्या बालगृहांतील पाचपैकी किमान चार मुलांचे आई-वडील किंवा त्यांपैकी एक जण जिवंत असतो. अनाथालयात आणून सोडली जाणारी ही मुले बहुतांशी गरिबांची मुले आहेत.

सत्कृत्याच्या तीन कसोट्या

एखादी कृती नैतिकदृष्ट्या चांगली केव्हा ठरते? संत थॉमस अ‍ॅक्विनस यांच्या विचाराला अनुसरून ख्रिस्तसभेची धर्मशिकवण (क्रमांक १७५० ते १७५६) तीन गोष्टी पाहायला सांगते: प्रत्यक्ष कृती, ती करण्यामागचा हेतू आणि भोवतालची परिस्थिती. तिन्ही नीट असतील तरच कृत्य चांगले. दुधाचे भांडे एकाच जागी फुटले तरी दूध सांडायचे ते सांडतेच. नुसता हेतू चांगला असून भागत नाही.

*पहिली कसोटी, हेतू.* आपल्या तरुणांचा हेतू चांगला आहे याविषयी आम्हांला शंका नाही. पण हेतू अनेक धाग्यांचा असतो. त्यात दया असते, साहस असते, मित्रमंडळींबरोबर प्रवासाची हौस असते, नोकरीच्या अर्जात एक ओळ वाढावी ही इच्छाही असते. यात लाजण्यासारखे काही नाही. मात्र मुख्य धागा कोणता, हे प्रार्थनेत तपासावे. अ‍ॅक्विनस म्हणतात की प्रेम करणे म्हणजे दुसऱ्याचे भले इच्छिणे. एक सोपी परीक्षा सांगतो. छायाचित्र काढायचे नाही, कुणाला सांगायचे नाही, आणि मुलांत खेळण्याऐवजी स्वयंपाकघरात भांडी घासायची, असे ठरले तरी आपण जाऊ का? उत्तर 'हो' असेल तर हेतू पक्का आहे.

*दुसरी कसोटी, कृती.* दोन आठवडे अनोळखी मुलांना जीव लावायचा आणि निघून यायचे, ही कृती स्वतः कशी आहे? १९५१ साली जॉन बोल्बी या ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी एक अहवाल लिहिला. लहान मुलाच्या मनाच्या वाढीला आईशी, किंवा आईच्या जागी कायम राहणाऱ्या एका व्यक्तीशी, न तुटणारे मायेचे नाते लागते, हा त्याचा सारांश. आता एक बालगृह डोळ्यांपुढे आणा. दर पंधरवड्याला नवे ताई-दादा येतात, कडेवर घेतात, चॉकलेट देतात, रडत रडत निरोप घेतात. वर्षाला असे वीस-पंचवीस गट. आपल्यासाठी तो एकच निरोप असतो. त्या मुलासाठी तो त्या वर्षातला विसावा असतो. आल्याबरोबर अनोळखी माणसाच्या गळ्यात पडणारे मूल पाहून आपण म्हणतो, 'किती प्रेमळ आहे!' आपल्या घरचे तीन वर्षांचे लेकरू परक्या माणसाला पाहून आईच्या मागे लपते. आपल्याला त्याचे नवल वाटत नाही, कारण आपले माणूस कोण हे त्याला ठाऊक आहे. ते भान या दुसऱ्या मुलापाशी कुणी राहू दिले नाही, असाही त्या प्रेमळपणाचा अर्थ असू शकतो.

*तिसरी कसोटी, परिस्थिती.* येथे काही कटू गोष्टी सांगणे भाग आहे. १२ जानेवारी २०१० रोजी हैती देशात प्रचंड भूकंप झाला. त्यानंतर अमेरिकेतील बाप्टिस्ट पंथाचे दहा मिशनसेवक तेथे गेले. २९ जानेवारी रोजी तेहतीस मुलांना बसमधून शेजारच्या डोमिनिकन प्रजासत्ताकात नेत असताना सरहद्दीवर त्यांना अटक झाली. त्यांच्याकडे आवश्यक कागदपत्रे नव्हती. ती मुले अनाथ आहेत असे सांगितले गेले होते. चौकशीत अनेकांचे आई-वडील हयात असल्याचे निघाले. मुलांना शिक्षण मिळेल, या आशेने त्यांनी ती दिली होती. जगभर या प्रकरणाची चर्चा झाली, आणि हैतीत सेवा करणाऱ्या इतर ख्रिस्ती संस्थांकडेही लोक संशयाने पाहू लागले.

दुसरे उदाहरण नेपाळचे, म्हणजे आपल्या शेजारचे. तेथील बहुतेक बालगृहे काठमांडूचे खोरे, पोखरा आणि चितवन या भागांत एकवटलेली आढळली. पर्यटक जातात तेही तेथेच. दारिद्र्य सर्वांत जास्त आहे ते मात्र हुमलासारख्या दुर्गम डोंगराळ जिल्ह्यांत. १९९६ ते २००६ या यादवीच्या काळात दलाल अशा खेड्यांत जात, 'मुलाला शहरात शिकवतो' म्हणून आई-बापांकडून पैसे घेत आणि मुले राजधानीत आणून सोडीत. पाहुणा येतो, देणगी देतो, म्हणून मुले हवीत. मुले हवीत, म्हणून ती गावातून आणायची. प्रेमापोटी गेलेला पाहुणाच नकळत या धंद्याचा गिऱ्हाईक होतो. सर्वच बालगृहे अशी नसतात. पुष्कळ ठिकाणी धर्मभगिनी आणि सेवक जिवाचे रान करून मुलांना वाढवीत आहेत. पण पत्रक पाहून कोणते कसे आहे ते कळत नाही, म्हणून काळजी घ्यायची. डिसेंबर २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेनेही आपल्या ठरावात बालगृहांतील अशा स्वयंसेवेपासून होणाऱ्या हानीची दखल घेतली.

जायचेच असेल तर

जाऊ नका, असे आम्ही म्हणत नाही. दूरच्या ख्रिस्ती बांधवांचे जीवन जवळून पाहिले की मन मोठे होते. परतलेल्या तरुणाला आपल्या घरातील नळाचे पाणीसुद्धा देवाचे दान वाटू लागते. तेव्हा जाण्यापूर्वी पुढील गोष्टी पडताळून पाहा.

१. निमंत्रण कोणाचे? तेथील धर्मप्रांताने, धर्मसंघाने किंवा स्थानिक समाजाने बोलावले आहे, की इकडची प्रवास कंपनी पाठवीत आहे? स्थानिक धर्मगुरूंना किंवा महागुरूंच्या कार्यालयाला पत्र लिहून खात्री करून घ्या.

२. काम कोणते? मुलांना सांभाळण्याऐवजी त्यांना सांभाळणाऱ्यांना हातभार लावा. शिक्षिकांचे प्रशिक्षण, हिशेबाचे काम, विजेची दुरुस्ती, नर्सने नर्सला शिकवणे ही कामे आपण परतल्यावरही टिकतात. जे काम करण्याची येथे आपल्याला परवानगी मिळणार नाही, ते तेथेही करू नका. अंधेरीच्या शाळेत कॉलेजकुमाराला कोणी वर्गशिक्षक करीत नाही.

३. मुलांची सुरक्षा. जी संस्था स्वयंसेवकांची चौकशी न करता, केवळ पैसे भरून, मुलांमध्ये प्रवेश देते, ती तसाच प्रवेश वाईट माणसालाही देत असते. पोलीस पडताळणी मागितली तर राग मानू नका, समाधान माना. बालकांच्या संरक्षणासाठी पोप फ्रान्सिस यांनी २०१९ साली नियम घालून दिले आणि २०२३ साली ते कायम केले. कोणत्याही मुलाबरोबर एकट्याने बंद खोलीत राहू नये, हा साधा नियम मुलाला जपतो आणि आपल्यालाही.

४. छायाचित्रे. काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख प्रसिद्ध करण्यास आपल्याकडे बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ नुसार मनाई आहे. परदेशी मुलाची अब्रू आपल्या मुलाच्या अब्रूपेक्षा स्वस्त नाही.

५. कायदा. पर्यटक व्हिसावर सेवाकार्य करण्यास अनेक देशांत परवानगी नसते. नेपाळला जाण्यास आपल्याला व्हिसा लागत नाही, पण तेथे दुसऱ्याचे धर्मांतर घडविण्याचा प्रयत्न हा गुन्हा आहे. आपण मायदेशी परत येऊ. आपल्या उतावीळपणाचे परिणाम तेथील छोट्या ख्रिस्ती समाजाला भोगावे लागतील.

६. श्रद्धा. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने मिशनकार्याविषयीच्या आपल्या आदेशात बळजबरी आणि आमिष या दोहोंना मनाई केली आहे. भुकेल्या मुलाच्या हाती बिस्किटाचा पुडा देऊन त्याच्याकडून प्रार्थना म्हणवून घेणे हे शुभवर्तमान नव्हे. आपल्या वागण्यातून येशू दिसला, तर मूल आपणहून विचारील.

७. परतल्यावर. निदान दोन-तीन वर्षे त्या ठिकाणाशी संबंध ठेवा. पत्र, प्रार्थना, ठरलेली मदत. ज्यांना हे शक्य वाटत नाही त्यांनी थांबावे.

घराजवळचे परदेश

आता थोडा हिशेब मांडू. समजा, दहा तरुण प्रत्येकी ४०,००० रुपये खर्चून गेले. एकूण झाले ४ लाख रुपये. आपल्या राज्यात बालसंगोपन योजना आहे. आई किंवा वडील गमावलेल्या, घरात दुर्धर आजार असलेल्या अशा मुलांना बालगृहात न पाठवता कुटुंबातच वाढविता यावे म्हणून ती मदत करते. २०२३ साली ही मदत दरमहा प्रत्येक मुलामागे २,२५० रुपये करण्यात आली. त्या दराने ४ लाखांत चौदा मुलांना वर्षभर हातभार लावून वर २२,००० रुपये उरतात. सेवेचे मोल केवळ रुपयांत करू नये हे खरेच. पण मिशनसाठी पैसा गोळा करताना हा आकडा डोळ्यांपुढे असावा.

आणखी एक गोष्ट. घाटकोपर-मुलुंडच्या टेकड्यांवरच्या वस्त्यांत, बोरिवलीच्या पलीकडील पाड्यांत, अंधेरीच्या झोपडपट्टीत घरकाम करणाऱ्या किती विधवा आया असतील, की ज्यांना या योजनेचे नावही ठाऊक नाही? मृत्यूचा दाखला, रेशनकार्ड, शाळेचा दाखला, बँकेचे खाते ही कागदपत्रे जमविताना त्या थकून जातात. आपल्या धर्मग्रामात बँकेतून, सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले कितीतरी जण आहेत. त्यांच्यापैकी एकाने एका आईचा अर्ज भरून दिला, तिच्याबरोबर बाल कल्याण समितीपर्यंत चक्कर मारली, तर एक मूल आपल्या आईजवळ राहील. नाईनच्या वेशीवर प्रभूने जे केले, त्याच जातीचे हे काम आहे. संकटातले मूल दिसले तर १०९८ हा मदतीचा क्रमांक चोवीस तास चालू असतो. या हेल्पलाइनची सुरुवात १९९६ साली आपल्याच मुंबईत झाली.

कॉलेजच्या तरुणांना आमचे एक सांगणे आहे. परदेशी जाण्यापूर्वी वर्षभर दर शनिवारी एकाच वस्तीत, त्याच मुलांना, त्याच वेळी अभ्यासाला मदत करा. पाऊस असो, क्रिकेटचा सामना असो, खंड पडू देऊ नका. मुलांच्या आयांची नावे माहीत करून घ्या. वर्ष पूर्ण झाले की आमच्याकडे या. तेव्हा तुम्ही परदेशी जायला अधिक योग्य झालेले असाल. कदाचित तोवर तुमचे जायचे ठिकाणही बदललेले असेल.

चिंतनासाठी प्रश्न

(लघु ख्रिस्ती समूहाच्या बैठकीत किंवा घरी रोझरीनंतर चर्चा करावी.)

१. लूक ७:११-१७ वाचा. येशूने मुलाला आईच्या हाती दिले, यातून आपल्या समूहाच्या मदतकार्याला कोणती दिशा मिळते?

२. आपण ज्या बालगृहाला नाताळात खाऊ-कपडे देतो, तेथील मुलांचे आई-वडील कोण आहेत, ती मुले घरी का राहू शकली नाहीत, हे आपण कधी विचारले आहे का?

३. आपल्या इमारतीत, चाळीत किंवा शेजारच्या वस्तीत मूल एकट्याने वाढविणारी आई आहे का? तिला या महिन्यात आपण कोणती एक मदत करू शकतो?

४. आपल्या घरातील मुलांना मिशनसाठी रोजची एक प्रार्थना आणि महिन्याचे एक नाणे ही सवय लावता येईल का?

प्रार्थना

हे प्रभू येशू, तू लेकरांना कवेत घेतलेस आणि त्यांना त्यांच्या माणसांजवळ राहू दिलेस. दूरदेशी जाणाऱ्या आमच्या तरुणांना शहाणपण दे, येथे राहणाऱ्यांना उघडी नजर दे. आमच्या दयेमुळे कोणाही मुलाचे घर तुटू नये, उलट तुटू पाहणारे एखादे घर सावरले जावे. संत गोन्सालो गार्सिया, आमच्यासाठी विनंती कर. आमेन.